वेजिटाचे नकलीपण सिद्ध करण्यात गेलेले ३७ दिवस

मागच्या पावसाळ्यात मी एका ऑनलाइन दुकानातून ‘ड्रॅगन बॉल झेड’ या जपानी कार्टून मालिकेतल्या वेजिटा या योद्ध्याची अ‍ॅक्शन फिगर मागवली आणि ती नकली निघाली. ती नकली आहे हे मला खोके उघडल्यापासून अर्ध्या तासात कळले. तेच दुकानाच्या तक्रार विभागाला मान्य करायला लावण्यात मात्र १३ जूनपासून २० जुलैपर्यंतचे ३७ दिवस गेले. तो मनस्ताप अजून पुरता ओसरलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

‘ड्रॅगन बॉल झेड’ ही मालिका जपानमध्ये १९८९ ते १९९६ या काळात २९१ भागांत दाखवली गेली. आमच्या पिढीने ती कार्टून नेटवर्कवर पाहिली. गिरगावातल्या आमच्या चाळीत शाळेतून आल्यावर दप्तर टाकून मी आणि माझा भाऊ टीव्हीसमोर बसायचो. त्याला गोकू आवडायचा आणि मला वेजिटा. बांदाई या जपानी कंपनीची ‘एस. एच. फिगुआर्ट्स’ ही फिगर्सची मालिका २००८ साली सुरू झाली. वीतभरसुद्धा उंची नसलेल्या या फिगर्सचे खांदे, कोपर, कंबर, गुडघे, घोटे असे सगळे सांधे वळतात, चेहरे आणि पंजे बदलता येतात, आणि पडद्यावरची नेमकी उभे राहण्याची ढब त्यांना देता येते. संग्राहक पैसे मोजतात ते याच गुणासाठी. म्हणूनच हिची नक्कलही भरपूर होते, आणि मुंबईच्या बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ या नावाने ती राजरोस मिळते. फर्स्ट कॉपी म्हणून सांगून विकली तर माझी काही तक्रार नाही. मला ती अस्सल म्हणून, जवळजवळ अस्सलच्याच किमतीला, ५,२०० रुपयांना विकली गेली. किंमत पाहून खऱ्याखोट्याचा अंदाज बांधता येतो, हा माझा समज तेव्हाच गळून पडला.

खोके पाहून प्रथम काहीच खटकले नाही. छपाई चांगली होती, रंग थोडे गडद वाटले, इतकेच. मात्र जपानी बाजारासाठीच्या ड्रॅगन बॉलच्या खोक्यावर तोएई अ‍ॅनिमेशनचे छोटे चकाकते स्टिकर असते आणि त्यावर मालिका बनवणाऱ्या त्या संस्थेचे मांजराचे बोधचिन्ह असते. ते इथे नव्हते. खोक्यावर ‘मेड इन चायना’ असणे हा मात्र नकलीपणाचा पुरावा नाही, कारण अस्सल फिगर्सही चीनमधल्या कारखान्यांत तयार होतात. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे तक्रार विभागातल्या एका कर्मचाऱ्याने मला ऐकवले, “मॅडम, दोन्ही चीनमध्येच बनतात, मग फरक काय?”

फरक काय, तो सांगते. फिगर बाहेर काढली आणि खिडकीशी नेऊन तिचा डावा कोपर वाकवला. अस्सल फिगरचा सांधा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा ताण देत वळतो आणि सोडला तिथे थांबतो. हा कोपर आधी घट्ट अडकून बसला, मग ‘कट’ असा आवाज करून एकदम सुटला, आणि त्यानंतर हात कोणत्याच कोनात राहीना. दर वेळी खाली पडू लागला. सांध्याच्या खिळीचे प्लॅस्टिक पिवळट होते, तर दंडावरच्या निळ्या पोशाखाचा रंग खिळीच्या कडेवर पसरलेला होता. छातीवरच्या चिलखताच्या कडेने साच्याची रेघ नखाला लागत होती. पांढऱ्या हातमोज्याखालून निळा रंग डोकावत होता. तळपायावर कोरलेली हक्कांची अक्षरे बोथट, अर्धवट भरलेली होती. अस्सल फिगरवर ‘बी. एस.’, ‘एस.’ आणि ‘टी. ए.’ ही आद्याक्षरे असतात, म्हणजे मूळ चित्रकथेच्या लेखकाचा बर्ड स्टुडिओ, तिची प्रकाशक शुएशा आणि तोएई अ‍ॅनिमेशन. ती बारीक असली तरी स्वच्छ वाचता येतात. आणि वास! ट्रेचे झाकण काढल्याबरोबर रॉकेलसारखा उग्र दर्प आला आणि तो दोन दिवस खोलीतून गेला नाही.

इथे एक गोष्ट आठवली म्हणून लगेच सांगते. अडकलेला सांधा जोर लावून कधीही वाकवू नये. अस्सल फिगरचेही सांधे कधी कधी रंगामुळे चिकटलेले असतात. तेव्हा तो भाग मिनिटभर गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, धरून ठेवावा म्हणजे मऊ पीव्हीसी थोडे सैल होते आणि सांधा मोकळा होतो. मी घाई केली, आणि पुढे तक्रार विभागाने तेच माझ्याविरुद्ध वापरले: “सांधा तुम्हीच तोडला असेल.” म्हणून खोके उघडतानाचे चित्रीकरण न थांबवता, एकसलग, पत्त्याच्या चिठ्ठीपासून शेवटच्या पंजापर्यंत करावे. माझ्याकडे ते होते, पण कोपराच्या वेळी मी फोन खाली ठेवला होता.

आता तो तक्रार विभाग. दुकानाच्या अ‍ॅपवर वस्तू परत करण्यासाठी एक फॉर्म होता आणि त्यात कारणांचे चार पर्याय होते: वस्तू तुटलेली आहे, चुकीची वस्तू आली, भाग कमी आहेत, वस्तू आवडली नाही. वस्तू नकली आहे, हा पर्याय कुठेच नव्हता. ‘तुटलेली’ म्हणावे तर ती तुटलेली नव्हती, आणि ‘चुकीची’ म्हणावे तर खोक्यावर नाव वेजिटाचेच होते. मी शेवटी ‘चुकीची वस्तू आली’ निवडले, खालच्या रकान्यात सगळे लिहिले आणि तीन छायाचित्रे जोडली, कारण तीनपेक्षा अधिक घेतलीच जात नव्हती. दोन दिवसांनी उत्तर आले की छायाचित्रात मागवलेलीच वस्तू दिसत असल्याने विनंती नाकारण्यात येत आहे.

मग चॅटवर बोलणे सुरू झाले. दर वेळी नवी व्यक्ती यायची, दर वेळी ऑर्डर क्रमांक विचारायची, दर वेळी मी कोपर, साच्याची रेघ, स्टिकर, तळपायावरची अक्षरे हे सगळे पहिल्यापासून सांगायचे आणि दर वेळी शेवटी “आम्ही वरिष्ठांकडे पाठवतो” एवढेच ऐकायचे. ४८ तास काही घडले नाही की ‘तुमच्या तक्रारीचे समाधान झाले आहे’ असा संदेश येऊन तक्रार आपोआप बंद व्हायची. असे चार वेळा झाले. ऑफिसातून परतताना चर्नी रोडला उतरून फलाटावरच्या बाकावर बसून मी ती बंद झालेली तक्रार पुन्हा उघडायचे, कारण घरी पोचेपर्यंत चॅटची वेळ संपलेली असायची. एकदा पावसात गाड्या रखडल्या होत्या, फोनची बॅटरी संपत आली होती, आणि समोरची व्यक्ती मला विचारत होती की ही वस्तू चालते का, म्हणजे सेल घातल्यावर सुरू होते का. सेल नसतातच, हे मी तीनदा लिहिले.

पाचव्या वेळी त्यांनी मागितले ते सर्वांत चीड आणणारे होते: वस्तू नकली असल्याचे मूळ उत्पादकाचे लेखी पत्र. जपानमधली कंपनी मुंबईतल्या एका ग्राहकाला अशा एका फिगरबद्दल पत्र कशाला देईल? आणि खरे तर हा उलटा न्याय होता. अस्सल म्हणून विकणाऱ्याने अस्सलपणा दाखवायला हवा. पण हा युक्तिवाद चॅटवर मांडून काहीच उपयोग होत नव्हता, म्हणून मी ठरवले की पुरावा इतका नेमका करायचा की पाहणाऱ्याला फिगर्सबद्दल काही माहिती नसली तरी फरक दिसावा.

डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याकडे हाच वेजिटा आहे, जपानहून आणलेला. तो त्याने दोन दिवसांसाठी दिला. दोन्ही फिगर घेऊन मी आमच्या गल्लीतल्या सोनारकाकांकडे गेले. त्यांच्याकडे तोळ्याचा काटा आणि डोळ्याला लावायचे भिंग आहे, आणि ते मला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी आधी काटा लावला. अस्सल फिगर सुमारे आठ ग्रॅमने जड भरली. पण काका म्हणाले, “पोरी, वजनावर जाऊ नकोस. वजन कुणीही भरून देईल. कडा बघ.” त्यांनी भिंग माझ्या हातात दिले. अस्सल चेहऱ्यावर डोळ्याची काळी रेघ सुरू होते तिथे आणि संपते तिथेही सारखीच धारदार होती. नकलीवर तिच्या कडेला दातरे होते आणि बुबुळ पापणीच्या रेघेवर चढलेले होते. अस्सलवर कपाळाशी केस आणि त्वचा जिथे मिळतात ती सांध उभी, बारीक होती. नकलीवर तिथे काळ्या रंगाची फुगलेली कड होती. काकांनी नकली फिगर हातात फिरवली आणि एवढेच म्हणाले, “ओतकाम घाईचं आहे.” सोन्याच्या कामात जे पाहतात तेच त्यांनी इथे पाहिले, आणि एका वाक्यात सांगितले.

त्यांच्याच दुकानात उजेडाला बसून मी छायाचित्रे काढली. दोन्ही फिगर पांढऱ्या कागदावर, शेजारी स्टीलची पट्टी, कोन तोच, उजेड तोच. आधी डोळे, मग कोपराची खिळी, मग तळपाय, मग चिलखताची कड. एकेका छायाचित्रात दोन्ही फिगर असल्यामुळे फरक लगेच नजरेत भरत होता. ज्यांना अशी तक्रार करायची आहे त्यांनी पहिल्या दिवशीच हे करावे. नुसत्या नकली फिगरच्या छायाचित्राने फरक दिसत नाही, कारण पाहणाऱ्याच्या मनात अस्सल फिगर नसते.

यानंतर मी चॅटचा नाद सोडला. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे प्रत्येक ऑनलाइन बाजारपेठेला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव, पद व संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एक महिन्याच्या आत निवारण करायचे असते. वस्तू सदोष किंवा नकली असेल, अथवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल, तर ती परत घ्यायला वा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असेही त्या नियमांत आहे. हे मला माहीत असते तर चॅटवरचे अठरा दिवस वाचले असते. १ जुलैला मी त्या अधिकाऱ्याला दोन पानी पत्र पाठवले, नियमाचा उल्लेख केला, छायाचित्रे जोडली, उघडतानाचे चित्रीकरण जोडले आणि आधीच्या पाचही तक्रारींचे क्रमांक तारखांसह दिले. कोपर मी वाकवला आणि त्या वेळचे चित्रीकरण नाही, हेही स्पष्ट लिहिले. त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन निवाडा देत नाही, पण तक्रार कंपनीकडे पोचवते आणि तिचा पाठपुरावा करते. तिथेही काम झाले नसते तर मी जिल्हा ग्राहक आयोगात गेले असते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, हे मी विचारून ठेवले होते.

दुसऱ्याच दिवशी पोच आली. आठवड्याने एका बाईंचा फोन आला. त्यांनी छायाचित्रे खरोखर पाहिली होती, कारण त्यांनी स्वतःहून विचारले, “डोळ्याची रेघ बाहेर गेली आहे ती खालची फिगर आमची ना?” तो प्रश्न ऐकून मला इतके हायसे वाटले की मी काही क्षण बोललेच नाही. वस्तू न्यायला माणूस आला तेव्हा मी त्याच्यासमोर फिगर, तिन्ही चेहरे आणि सगळे पंजे मोजून ट्रेमध्ये ठेवले, पावतीवर ते मोजून दिल्याचे लिहून घेतले आणि तिचे छायाचित्र काढून ठेवले. २० जुलैला ५,२०० रुपये खात्यात जमा झाले.

नंतर मी सहकाऱ्याच्या मदतीने जपानमधल्या एका दुकानातून वापरलेला वेजिटा घेतला. तिथली मोठी दुकाने वापरलेल्या मालाला वस्तूसाठी एक आणि खोक्यासाठी एक अशा वेगळ्या श्रेणी देतात. मी वस्तूची श्रेणी ‘ए’ आणि खोक्याची ‘बी’ असलेला निवडला, कारण मला खोके कपाटात नव्हे, फिगर हातात हवी होती. भारतात खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. तेव्हापासून परदेशातून मागवताना वस्तूच्या किमतीपेक्षा हाती येताना पडणारी किंमत आधी मांडावी लागते. मुंबईच्या दमट हवेत पीव्हीसी चिकट होते, म्हणून आलेली फिगर बंद ट्रेमध्ये ठेवलेली नाही. काचेच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, उन्हापासून दूर उभी आहे.

ती आली त्या संध्याकाळी भाऊ घरी होता. खोके मी त्याच क्रमाने तपासले: स्टिकर, तळपाय, डोळ्यांच्या कडा, चिलखताची रेघ. डावा कोपर सर्वांत शेवटी वाकवला. तो एकसारखा ताण देत वळला आणि जिथे सोडला तिथे राहिला.