शब्द खोडला, जाहिरात ठेवली

एका वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या विभागात मी बरीच वर्षे मजकूर तपासण्याचे काम केले. हे ठाऊक असलेली माणसे मला हमखास एक प्रश्न विचारतात. अमेरिकेत पोलिसांनी देहविक्रयाच्या ऑनलाइन जाहिराती छापणारी संकेतस्थळे जप्त केली, चालकांना तुरुंगात धाडले. मग जाहिरातच बंद पाडली की धंदाही बंद पडतो, नाही का? विचारणाऱ्याच्या सुरात उत्तर आधीच असते आणि मला दर वेळी त्याचा हिरमोड करावा लागतो. तुम्हीही विचारलेत, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहितो.

जाहिरातीच्या टेबलावर बसणाऱ्याला पहिल्या महिन्यातच कळते, की बंदी शब्दावर येते आणि मजकूर वेश बदलून परत येतो. 'मसाज' नाकारला की 'मैत्री' येते, 'मैत्री' नाकारली की 'एकाकीपणावर उपाय' येतो. खालचा फोन नंबर मात्र तोच असतो. क्रेगलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या अमेरिकन संकेतस्थळावर हेच मोठ्या प्रमाणावर घडले. तिथे 'इरॉटिक सर्व्हिसेस' नावाचा विभाग होता. २००८च्या नोव्हेंबरमध्ये चाळीस राज्यांच्या ॲटर्नी जनरलांशी, म्हणजे राज्यांच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांशी, झालेल्या समझोत्यानुसार जाहिरातदाराला चालू फोन नंबर देणे आणि क्रेडिट कार्डाने शुल्क भरणे भाग पडले. २००९मध्ये विभागाचे नाव बदलून 'अडल्ट सर्व्हिसेस' झाले आणि प्रत्येक जाहिरात माणसाने तपासावी असे ठरले. तरीही दबाव वाढतच गेला, तेव्हा सप्टेंबर २०१०मध्ये त्या विभागाच्या जागी 'सेन्सॉर्ड' असे लिहिलेली काळी पट्टी दिसू लागली. जाहिराती बॅकपेजकडे गेल्या. हे संकेतस्थळ २००४पासून चालू होते आणि साप्ताहिकांच्या शेवटच्या पानावरच्या छोट्या जाहिरातींचा धंदा इंटरनेटवर आणण्यासाठीच ते काढलेले होते. म्हणजे एक प्रकारे आमच्याच बिरादरीतले.

त्या काळात अशा संकेतस्थळांची ढाल होती १९९६च्या कायद्यातले कलम २३०. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराबद्दल तो ठेवणाऱ्या संकेतस्थळाला प्रकाशक मानू नये, असा त्याचा आशय आहे. शिकागोचा परिसर ज्यांच्या हद्दीत येतो त्या कुक काउंटीचे शेरिफ टॉम डार्ट यांनी २००९मध्ये क्रेगलिस्टवर भरलेला दावा याच कलमामुळे फेटाळला गेला. मग २०१५मध्ये त्यांनी दुसरी वाट धरली आणि व्हिसा व मास्टरकार्ड या कंपन्यांना पत्रे लिहिली. दोन्ही कंपन्यांनी बॅकपेजचे पैसे घेणे थांबवले. अधिकारपदाच्या जोरावर अशी धमकीवजा पत्रे लिहिणे घटनेविरुद्ध आहे, असा निकाल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती रिचर्ड पॉस्नर यांनी दिला खरा, पण तोवर पैशाचा सरळ रस्ता बुजला होता आणि आडवाटा सुरू झाल्या होत्या. पुढच्या खटल्यात या आडवाटाच महागात पडल्या.

या सगळ्या प्रकरणात मला खरोखर अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. जानेवारी २०१७मध्ये अमेरिकन सिनेटच्या एका उपसमितीने बॅकपेजवर अहवाल दिला. त्यात आढळले ते असे, की जाहिरातीत विशिष्ट शब्द आले तर संगणक ते आपोआप काढून टाकत असे आणि उरलेली जाहिरात प्रसिद्ध होत असे. त्या यादीत 'टीनेज', 'लिटल गर्ल', 'स्कूल गर्ल' यांसारखे शब्द होते. 'ॲम्बर अलर्ट' हाही शब्द होता. पळवून नेलेल्या मुलांसाठी अमेरिकेत जो तातडीचा इशारा देतात, त्याचे हे नाव. जाहिरात फेटाळायची नाही, पोलिसांना कळवायचे नाही, फक्त शब्द खोडायचा आणि पैसे घ्यायचे. मजकूर तपासणाऱ्याला याचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा छापला तर मी निष्काळजी ठरेन. पण मजकुरातली खूण मला दिसली आणि ती मी पुसली, तर तो मजकूर माझाही झाला.

हे मी उंच आसनावर बसून लिहीत नाही. आमच्या टेबलावर एकदा 'मुली हव्यात, राहण्याची सोय' अशी जाहिरात आली होती. ती आणणाऱ्याला मी म्हणालो, "'मुली' काढा आणि 'कर्मचारी' लिहा, म्हणजे आक्षेप येणार नाही." त्याने तिथेच उभे राहून शब्द बदलला, पावती घेतली आणि गेला. जाहिरात तिसऱ्या दिवशी छापून आली. तिच्यामागे काय होते ते मला कधीच कळले नाही. कदाचित काहीच नसेल. मी विचारले नाही, एवढे मात्र खरे.

बॅकपेजवर ६ एप्रिल २०१८ रोजी जप्ती आली. संकेतस्थळ उघडले की तपासयंत्रणांच्या बोधचिन्हांची पाटी दिसू लागली. पाचच दिवसांनी, ११ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी 'फोस्टा' नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या कायद्यावर सही केली. वेश्याव्यवसायाला किंवा तस्करीला साहाय्य करणाऱ्या संकेतस्थळांना जबाबदार धरणारा हा कायदा. सिनेटमध्ये तो ९७ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला होता आणि त्याने कलम २३०च्या ढालीला भगदाड पाडले. पुष्कळांना वाटते, की या कायद्यामुळे बॅकपेज बंद झाले. तारखा पाहा: जप्ती आधीची आहे, कायदा नंतरचा. जुनेच कायदे पुरेसे ठरले होते. सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या 'गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस'ने २०२१च्या अहवालात नोंदवले, की त्या वर्षीच्या मार्चपर्यंत नव्या कायद्याचे फौजदारी कलम एकदाच वापरले गेले होते.

खटल्याची गोष्टही समजुतीपेक्षा निराळी आहे. बॅकपेजचे संस्थापक मायकेल लेसी, जेम्स लार्किन आणि इतरांवरचे आरोप वेश्याव्यवसायास साहाय्य आणि पैशाची लपवाछपवी यांचे होते. मानवी तस्करीचा आरोप त्यांच्यापैकी कोणावरही नव्हता. फिनिक्समध्ये २०२१ साली खटला उभा राहिला, तेव्हा सरकारी पक्षाने बालकांच्या तस्करीचाच पाढा इतका वाचला, की न्यायाधीशांनी तो खटला रद्द केला. लार्किन यांनी दुसऱ्या खटल्याच्या तोंडावर, २०२३मध्ये, आत्महत्या केली. लेसी यांच्यावरच्या बहुतेक आरोपांवर ज्युरीचे एकमत झाले नाही. ते दोषी ठरले ते एकाच कलमाखाली, दीड कोटी डॉलरहून अधिक रक्कम परदेशात हलवून लपवल्याबद्दल, आणि २०२४मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. जो शब्द खोडला गेला त्याचा लेसी यांच्यापुरता हिशेब शेवटी बँकेच्या कागदांवर झाला. न्यायालयाला जे सिद्ध करता येते तेच ते करणार, हे मला मान्य आहे. तरी ते मनाला पटत नाही.

आता मूळ प्रश्न. जाहिरात हा गुन्ह्याचा रस्ता असतो, तसाच तो गुन्हेगाराचा मागही असतो. एकच फोन नंबर सोमवारी एका शहरात, गुरुवारी दुसऱ्या शहरात दिसू लागला, तर कोणाला तरी फिरवले जात असल्याचा संशय येतो. दहा जाहिरातींत एकच वाक्य, त्याच चुकांसह, आढळले, तर लिहिणारा हात एक आहे. बॅकपेजकडे समन्स गेले, की पोलिसांना नोंदी मिळत. संकेतस्थळ गेले तशा या नोंदीही गेल्या. जाहिराती परदेशांतल्या संकेतस्थळांवर गेल्या आणि तिथून माहिती मिळवणे अवघड झाले, असे त्याच २०२१च्या अहवालात म्हटले आहे. स्वतःच्या मर्जीने हा व्यवसाय करणाऱ्या प्रौढांच्या संघटना आणखी एक गोष्ट सांगत आल्या आहेत: जाहिरातीमुळे गिऱ्हाईक भेटण्यापूर्वी त्याची विचारपूस करता येत असे, धोकादायक माणसांची नावे एकमेकींना कळवता येत असत. ते बंद झाले, की रस्ता उरतो किंवा दलाल.

शिवाय जाळे कोणावर पडते याचा नेम नसतो. ऑगस्ट २०१५मध्ये न्यूयॉर्कमध्ये रेंटबॉय या संकेतस्थळावर छापा पडला. तिथे प्रौढ पुरुष स्वतःची जाहिरात करत, तस्करीचा मुद्दाच नव्हता. तरी संस्थापकाला सहा महिने तुरुंगात जावे लागले. 'फोस्टा'ला आव्हान देणाऱ्यांमध्ये एक परवानाधारक मसाज थेरपिस्ट होता. त्याचा धंदा रीतसर होता, पण क्रेगलिस्टने धास्तीपोटी अशा जाहिरातींचा विभागच बंद केल्यामुळे त्याची जाहिरात छापायला जागा उरली नाही. २०२३मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने कायदा कायम ठेवला.

म्हणून मला विचाराल तर पान बंद करण्याऐवजी पानावर बसलेल्या माणसाला पकडा, असे मी म्हणेन. लहान मुलीची खूण दिसल्यावर त्याने काय केले, एवढेच त्याला विचारा. फेटाळली का, कळवली का, की खोडून छापली? पहिल्या दोन उत्तरांना संरक्षण द्या आणि तिसऱ्याला कठोर शिक्षा करा. संकेतस्थळ मोठे असल्यामुळे हे जमणार नाही, असे सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की शब्द शोधून पुसणारी यंत्रणा बॅकपेजने बसवलीच होती. शोधण्याचे काम झाले होते.

आमच्या विभागात जाहिरातीची हस्तलिखित चिठ्ठी वर्षभर जपून ठेवण्याची पद्धत होती. नोकरीच्या नावाने फसवणूक झाल्याच्या एका तक्रारीवरून एकदा पोलीस आले होते. मी गठ्ठा सोडला, दहा मिनिटांत चिठ्ठी सापडली आणि तिच्या मागच्या बाजूला पैसे भरणाऱ्याची सही होती.