पातं जरा डावीकडे

चाकूचं पार्सल उघडायला चाकू लागतो, हे मला मंगळवारी दुपारी पावणेतीनला कळलं. खोक्याला चारी बाजूंनी इतकी चिकटपट्टी गुंडाळली होती की आत चाकू नसून चिडकं मांजर असावं. माझा जुना चाकू मार्चमध्ये विमानतळावरच्या तपासणीत गेला. हँडबॅगेत राहिला होता, चूक माझीच. तेव्हापासून घरात भाजीच्या सुऱ्या तेवढ्या उरल्या होत्या आणि त्यांना खोक्याला लावायचं नाही असा माझाच कायदा आहे. शेवटी गाडीची किल्ली भोसकून भोक पाडलं.

नवी वस्तू आली की मी ती वापरत नाही. आधी तिच्यात खोट काढते. चाकू घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले, कारण पाऊस उघडला असला तर तीनच्या सुमाराला तिथे तिरपं ऊन येतं आणि त्या उन्हात काही लपत नाही. ओट्यावरचे कालचे डागसुद्धा.

पहिली परीक्षा मिटलेल्या चाकूची. पात्याचं टोक मुठीतल्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध दिसायला हवं. नव्हतं. डावीकडे होतं. फार नाही, केसभर. पण केस कुणाचा त्यावर आहे, आमच्या माहेरी सगळ्यांचे केस जाड. मग उघडून पाहिला. रिबिटापाशी चिमटीत धरून पातं वरखाली हलवलं, मग आडवं. जागचं हललं नाही. उघडतानाही नख दुखावं इतकं घट्ट. ही बाजू पास. मग धार वर करून उन्हात धरली. जिथे खरोखर धार असते तिथे कड दिसतच नाही, उजेडाला पडायला जागाच नसते. जिथे चकाकली तिथे धार नाही. टोकाच्या थोडं अलीकडे तांदळाच्या कणीएवढा एक ठिपका चमकला. शिवाय पात्याच्या डाव्या अंगाचा उतार टोकाकडे रुंद होत गेला होता. घासणाऱ्याचा हात शेवटी उचलला गेला असणार, जेवणाची सुट्टी जवळ आली असेल. मुठीचं लाकूड आणि पोलाद जिथे भेटतात तिथून नख फिरवलं, तर खालच्या बाजूला एका जागी अडलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा अडलं. नख एकदा अडलं की मग दिवसभर तेच.

"आई, त्याने तू पेरूच कापणार ना?" इति कन्या.

पेरूच कापणार. पण फिनिशिंग नको का? 'फिनिशिंग नाही' हे वाक्य आपल्याकडे इतकं मुरलंय की त्यातला शब्द परका आहे हे सांगूनही पटत नाही. शिंपी दुसऱ्या शिंप्याबद्दल हेच म्हणतो, सुतार सुताराबद्दल आणि फरशीवाला आधीच्या फरशीवाल्याबद्दल. मी भांड्यांच्या दुकानात पातेलं घेते ते काउंटरवर पालथं-उताणं ठेवून, डुगडुगतंय का बघून. पोळपाट एका अंगाला कलतो का हे फरशीवर बसून बघते. दुकानदार वर पंख्याकडे बघत उभा राहतो. पूर्वी तर पातेल्यावर नाव घालून घ्यायची पद्धत होती. ते यंत्र कर्रर्र करत 'चि. सौ. कां.' कोरू लागलं की संपलं, मग डुगडुगो नाहीतर गळो, ते तुमचं. म्हणून आधीच बघून घ्यायचं. हे मला आईने शिकवलं असतं तर ठीक होतं. पण शिकवलं बाबांनी, आणि बाबा टूलरूममध्ये होते.

भोसरीच्या एका कारखान्यात ३१ वर्षं, जिथे साचे आणि हत्यारं घडतात त्या खात्यात. टूलरूममधल्या माणसाला 'साधारण' हा शब्द शिवीसारखा लागतो. त्यांच्याकडे गेज असायचे, गो-नोगो. एक टोक भोकात जायलाच हवं, दुसरं जाताच कामा नये. जाऊ नये त्या टोकाला तांबडा रंग. बाबांनी तो गेज कधी घरी आणला नाही, पण त्याचा न्याय आणला. कुठल्याही वस्तूवर त्यांचे निकाल दोनच: 'चालेल' आणि 'नाही चालणार'. माझ्या चित्रकलेच्या वहीला 'चालेल'. आईच्या पुरणपोळीला 'चालेल', त्यावर आईचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. माझ्या दहावीच्या निकालालासुद्धा, मार्कलिस्टाची घडी सरळ आली नव्हती तरी, 'चालेल'. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा माणूस तुटक वाटायचा. आम्हाला माहीत होतं, याच्या वर त्यांच्याकडे मार्कच नाहीत.

त्यांना गुरुवारची सुट्टी. त्यामुळे रविवारी सेकंड शिफ्ट असली तरच सकाळी जुना बाजार जमायचा. पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, एवढं सांगून तो डोळ्यांसमोर येणार नाही. जमिनीवर ताडपत्र्या, आणि ताडपत्रीवर जगातली प्रत्येक वस्तू, पण कुठल्या तरी एका भागाशिवाय. फोन आहे, डायल नाही. कुलूप आहे, किल्ली नाही. किल्ल्यांचा वेगळा ढीग आहे, कुलपं नाहीत. बाबा उकिडवे बसायचे आणि मी पिशवी धरून उभी. त्या दिवशी त्यांनी पकडींच्या ढिगातून एक मिटलेला चाकू उचलला. काळी मूठ, गंजाचे ठिपके.

"जर्मन है साहब," ताडपत्रीवाला म्हणाला.

बाबांनी तो कानाशी नेऊन उघडला, मिटला. पात्याच्या पाठीवरून एक डोळा मिटून बंदुकीसारखं पाहिलं. अंगठ्याच्या नखावर धार अलगद टेकवली. घसरली तर बोथट, रुतली तर ठीक. मग पातं हलवलं आणि ते खुळ्ळ वाजलं. बाबा मोजायला लागले. एक रिबिट गेलेलं. स्प्रिंग नरम. पातं ढिलं. टोक मोडून पुन्हा घासलेलं. मुठीला चीर. मिटल्यावर पातं एका अंगाला. सहा. ताडपत्रीवाला चाळीसवरून पस्तीसवर आला, पस्तीसवरून तीसवर, आणि सहाव्या खोटीला त्याने हात जोडले. बावीस रुपयांना व्यवहार झाला.

बसमध्ये मी विचारलं, एवढ्या खोटी आहेत तर घेतला कशाला? तर म्हणाले, "पोलाद चांगलंय. बाकीचं करू."

बाकीच्यातलं एक रिबिट पितळी सळईचा तुकडा ठोकून झालं. उरलेल्या पाच गोष्टी पुढच्या रविवारवर गेल्या आणि तो रविवार आला नाही. आईने चाकूचं नाव 'खुळखुळा' ठेवलं. "खुळखुळा कुठेय?" म्हटलं की घरात सगळ्यांना कळायचं. माझ्या चौथीपासूनच्या सगळ्या पेन्सिली त्याच्या पोटात गेल्या. आता पाजळून पाजळून त्याचं पातं निम्मं झालंय आणि स्प्रिंग पार मेलीय.

त्याच्या पात्यावर पुसट अक्षरं होती, शेवटची तीन शाबूत. त्यावरून बाबा 'झोलिंगेन' म्हणायचे. जर्मनीतलं हे गाव पात्यांवरच जगत आलंय, आणि आपलं नाव इतरांनी घालू नये म्हणून १९३८पासून तिथे कायदा आहे. तो कायदा जुन्या बाजारातल्या ताडपत्रीपर्यंत पोचला होता की नाही, देव जाणे. पण गंमत अशी की ज्या स्विस चाकूचं जगभर नाव, तो सैनिकांचा पहिला चाकू स्वित्झर्लंडमध्ये तयारच झाला नव्हता. तितके चाकू करू शकेल असा कारखाना त्यांच्याकडे नव्हता. १८९१मध्ये पहिले पंधरा हजार झोलिंगेनहून आले. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराला ते लागलं, त्याने त्याच वर्षी स्वतः करून द्यायला सुरुवात केली, आणि पुढे १८९७मध्ये बूच काढायच्या मळसूत्रासकटचा तो प्रसिद्ध ऑफिसरांचा चाकू निघाला. म्हणजे ते सगळं प्रकरण उभं राहिलं ते 'आपल्याकडे होत नाही' या एका टोचणीवर. बाबांना ही गोष्ट फार आवडायची. ती सांगताना ते एल्सनरला 'एल्सनरसाहेब' म्हणायचे.

खोट काढायची ही सवय कुठे थांबवावी हे मात्र बाबांनी शिकवलं नाही. मला बघायला आले होते, तेव्हा मुलाच्या आत्याने माझ्याकडून बशी घेताना माझी नखं पाहून घेतली. मला राग यायला हवा होता. पण माझं लक्ष मुलाच्या चष्म्याकडे होतं. डावी दांडी कानावर टेकतच नव्हती, सूतभर वर. पोहे संपेपर्यंत मी त्या दांडीकडे बघत होते आणि मुलाला वाटलं की मी त्याच्याकडे बघतेय. लग्नाला १९ वर्षं झाली. चष्मे चार बदलले. दांडी अजून वर आहे. कान आहे तो, चष्मा नव्हे, हे मला तिसऱ्या चष्म्याला कळलं.

पर्समध्ये चाकू असतो हे कळलं की बायका जवळ सरकून विचारतात, "सेफ्टीसाठी का गं?" पुरुष जरा लांब सरकतात. चाकू म्हटला की आपल्याला सिनेमातला रामपुरी आठवतो. मला आठवतो पेरू, खोकी, लेकीच्या ड्रेसचा लोंबणारा दोरा, आणि तेलाच्या पिशवीचा तो कोपरा, जो लोक दातांनी फाडतात. देवळात नारळाची शेंडी कापायला शेजारच्या काकूंनी एकदा मागितला होता. काम झाल्यावर पुसून दोन बोटांत धरून परत दिला, विंचवासारखा.

नव्याची मूठ लाकडाची. ती घेताना ऑगस्टचा विचार करायला हवा होता, तो सुचला बुधवारी, भिजून आल्यावर. फ्रान्सच्या सावोय भागात ओपिनेल नावाचा चाकू आहे, १८९०पासूनचा. लाकडी मूठ, एक पातं, आणि १९५५पासून ते पातं जागी धरणारं फिरतं कडं. ओल्या हवेत त्याचं लाकूड फुगतं आणि पातं मुठीत आवळलं जातं. मग तिथली माणसं काय करतात, तर मुठीचं बूड टेबलावर आपटतात, पातं थोडं वर येतं, उघडतात, चीज कापतात. त्या आपटण्याला तिथल्या लोकांच्या नावाने शब्दप्रयोगसुद्धा आहे. आपल्याकडे याचं तक्रारपत्र झालं असतं.

मी तक्रारच करणार होते. परत पाठवायची मुदत रविवारी संपत होती. पण फोनवर 'कारण निवडा' म्हणून जी यादी येते तिच्यात 'चुकीची वस्तू आली' आहे, 'तुटलेली आली' आहे, 'आता गरज नाही' आहे. 'पातं जरा डावीकडे आहे' हे नाही. आणि अट अशी की वस्तू वापरलेली नसावी. म्हणजे चाकू पारखायचा, पण काही कापायचं नाही. चार दिवस तो ओट्यावर पडून होता आणि मी पेरू भाजीच्या सुरीने कापत होते. गुरुवारी रात्री ड्रॉवरमधून बाबांचा फीलर गेज काढला. फीलर गेज म्हणजे तरी काय, पोलादी पानांचा मिटता चाकूच, फक्त कापायच्या ऐवजी फटी मोजणारा. डावीकडे ०.३० मिलिमीटरचं पान गेलं. उजवीकडे ०.७०चं. आता निदान आकडा होता. आकडा असला की मला शांत झोप लागते.

शनिवारी चाकू आणि गेज दोन्ही पर्समध्ये टाकून बाबांकडे गेले. निकाल त्यांनीच द्यावा. बाल्कनीत बसले होते, समोर अर्धाच भरलेला चहाचा कप. हल्ली अर्धाच देतात. मी काही सांगितलं नाही, नुसता चाकू हातात ठेवला.

"नवा का? बघू."

चष्मा बदलला. मिटलेलाच उजेडाकडे धरून टोकाकडून पाहिला. मी वाट बघत होते, आता म्हणतील, डावीकडे आहे गं. काही बोलले नाहीत. अंगठ्याचं नख पात्याच्या खाचेत घातलं आणि ओढलं. नख निसटलं. चाकू लेंग्याला पुसला, जणू तेल लागलं होतं. पुन्हा नख घातलं. या वेळी मनगट मांडीवर टेकवून. थरथर मांडीपर्यंत गेली, पातं जागचं हललं नाही. माझा हात पुढे झाला होता, तो मी परत ओढणीत घेतला. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षाला हाका मारत होतं, बाबा जरा वेळ तिकडे बघत राहिले.

"छान आहे," म्हणाले, आणि मिटलेलाच माझ्या हातात दिला.

मग टीपॉयवरचा पेरू उचलला. खिशातून खुळखुळा काढून एक झटका दिला. पातं आपलं आपण बाहेर पडलं, खुळ्ळ वाजत.

"मीठ आण गं आतून."