सात मार्कांची चित्रकला

"मॅडम, सात मार्क नक्की ना?"

दर जूनमध्ये हा प्रश्न येतो. मुलगा बाजूला उभा, हातात नवाकोरा रंगांचा बॉक्स, आणि आई नाहीतर बाबा थेट मुद्द्यावर. मी पण आता सरावलेय, एका दमात सांगून टाकते की इंटरमिजिएटला (शाळेच्या मुलांची राज्याची चित्रकलेची ग्रेड परीक्षा) ए ग्रेड आली तर दहावीला 7, बी ला 5, सी ला 3, आणि नापास झाला तर काहीच नाही. मग फी विचारतात. मुलाला चित्र काढायला आवडतं का हे मी विचारते तेव्हा दोघं एकमेकांकडे बघतात.

मी चिपळूणमध्ये दिवसभर फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते (भावी नगरसेवकांचे वाढदिवस, दहावा-बारावा, सत्यनारायण, सगळं) आणि रविवारी सकाळी आमच्या माळ्यावर आठवी-नववीच्या पोरांचा क्लास घेते. दहा-बारा जण असतात. एलिमेंटरीवाले (ही इंटरच्या आधीची परीक्षा) खिडकीकडे, इंटरवाले जिन्याकडे. मला स्वतःला इंटरला सी मिळाली होती, भूमितीच्या पेपरला अक्षरलेखनावर शाईचा थेंब पडला आणि तो पुसायला गेले तर अख्खी ओळ गेली. तेव्हा घरी कोणी विचारलं पण नाही किती मार्क, कारण मार्क हा विषयच नव्हता. आता आहे. आणि खरं सांगू का, हे मार्क नसते तर माझा क्लास पण नसता. बऱ्याच शाळांत चित्रकलेचा तास म्हणजे ऑफ तास झालाय, ड्रॉइंगचे सर रिटायर झाले की जागा तशीच राहते, आणि तरी कला संचालनालयाच्या या ग्रेड परीक्षांना लाखो मुलं बसतात ती त्या सात मार्कांसाठी. म्हणजे सात मार्कांनी चित्रकला जगवलीय हे मान्य करायलाच पाहिजे. पण तिचं काय करून ठेवलंय ते पण बघा.

स्मरणचित्राचा पेपर घ्या. विषय येतो, कधी बाजार, कधी बसस्टॉप, कधी बाग, आणि मुलांनी मनातून माणसं काढायची. आता क्लासवाल्यांनी (मी पण त्यातच आले) यावर तोडगा काढलेला आहे. एक डोक्यावर पाटी घेतलेली बाई, एक फुगेवाला, एक सायकल धरून उभा असलेला माणूस, एक पाठमोरं पोरगं. ही चौघं पाठ करायची. बाजार आला तर मागे भाजीची दुकानं, स्टेशन आलं तर मागे डबा, जत्रा आली तर मागे पाळणा, पुढे हीच मंडळी. माझ्या क्लासमधला फुगेवाला गेल्या सहा वर्षांत किती गावं फिरला असेल देव जाणे, एकदा एका पोराने त्याला हॉस्पिटलच्या वॉर्डात पण उभा केला होता.

संकल्पचित्राचं, म्हणजे नक्षीच्या डिझाइनच्या पेपरचं, तेच. अर्धा आकार काढायचा, ट्रेसिंग पेपरने दुसरीकडे उलटा छापायचा, पोस्टर कलर सपाट लावायचा, कडेने काळी आउटलाइन. रंग सपाट लागणं ही सोपी गोष्ट नाही बरं का, पाणी जास्त झालं की डाग पडतात आणि कमी झालं की ब्रश ओढला जातो, यात दोन महिने जातात पोरांचे. ते शिकण्यासारखं आहेच. पण पान-फूल-पान-फूल हे सगळ्या कागदांवर एकच असतं.

आता जे सांगायचंय ते. 22 जुलै 2021 ला चिपळूणला पूर आला, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत. आमचं दुकान गेलं, मशीन गेलं, ते सगळं इथे नको. त्यानंतरच्या बॅचला मी सरावासाठी विषय दिला, पावसाळ्यातला एक दिवस. सगळ्यांनी छत्र्या काढल्या, शाळेत जाणारी मुलं, कागदी होड्या. एका मुलाने, बाजारात राहणारा, एक खोली काढली. रिकामी. आडवा पडलेला फ्रिज, त्याचं दार उघडं आणि आत चिखल. भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर एक तपकिरी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि रेघेच्या वरती देवाचा फोटो स्वच्छ. माणूस एकच, बाई, पाठमोरी, हातात खराटा. पर्स्पेक्टिव्ह चुकलेलं होतं, फ्रिजचं दार नको तिकडे उघडत होतं. पण ती रेघ मी बघितलेली होती, आमच्या पण भिंतीवर होती, रंग दिला तरी पावसाळ्यात परत दिसते.

आणि मी त्याला काय सांगितलं? छान आहे, पण परीक्षेत असलं काढू नकोस, तपासणाऱ्याला कळायला पाहिजे, माणसं निदान तीन-चार हवीत, छत्री टाक एखादी.

त्याने टाकली. फुगेवाला पण टाकला. ए ग्रेड आली, सात मार्क मिळाले, पेढे आणून दिले. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेला आणि त्याने परत ब्रश धरला नाही हे मला त्याच्या आईने सांगितलं, सहज, भाजी घेताना. ते चित्र माझ्याकडे आहे. माळ्यावर लावलंय.

एका वाक्याने पोरगं थांबलं असं मी म्हणत नाही, एवढी मी मोठी नाही. पण परीक्षा संपली की चित्रकला संपली, हे त्याला मीच शिकवलं ना. आणि गंमत म्हणजे संपत नाही! त्याला कोणी सांगितलंच नाही की पुढे काय काय आहे, मी पण नाही. म्हणून आता पालक सात मार्क विचारतात तेव्हा मी बाकीचं पण ऐकवते, ऐकायचं असो वा नसो.

म्हणजे असं की बारावीनंतर बीएफए ला, म्हणजे कलेच्या पदवीला जायचं असेल, जे.जे. ला म्हणा (मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, 1857 सालची संस्था, आता विद्यापीठाचा दर्जा मिळालाय), नागपूरला किंवा संभाजीनगरच्या सरकारी कॉलेजला, तर राज्याची सीईटी द्यावी लागते आणि त्या सीईटीत काय असतं, ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग, डिझाइन, आणि कलेचं सामान्य ज्ञान. पहिली तीन नावं वाचा परत, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आपल्या ग्रेड परीक्षेचेच पेपर. आठवीत ज्या तांब्यावर आपण वैतागलो तोच तांब्या अठराव्या वर्षी परत समोर येतो. फक्त तिथे पाठ केलेली चौघं पुरत नाहीत, कारण समोर पूर्ण महाराष्ट्रातली तीच चौघं पाठ केलेली मुलं बसलेली असतात. लांब जायचं नसेल तर सावर्ड्याला सह्याद्रीचं कला महाविद्यालय आहे, आमच्यापासून एसटीने अर्धा-पाऊण तास, आणि आमच्याच गावातल्या अर्ध्या लोकांना तिथे काय शिकवतात ते माहीत नाही. तिथली पोरं उन्हात पॅड मांडीवर घेऊन लँडस्केप करताना दिसतात तेव्हा लोक गाडी थांबवून विचारतात, सर्व्हे चाललाय का.

डिझाइनकडे जायचं तर यूसीड ही प्रवेश परीक्षा आहे, आयआयटी मुंबई घेते, बारावी कुठल्याही शाखेची चालते आणि त्यात हाताने ड्रॉइंग करायचा भाग असतो. एनआयडीची (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) वेगळी परीक्षा. "आयआयटी" हा शब्द ऐकला की बाबा लोक एकदम सरळ बसतात, मी हा शब्द मुद्दाम शेवटी काढते.

शाळेत असतानाच करण्यासारखं पण आहे. कला उत्सव, केंद्र सरकारची शाळांसाठीची स्पर्धा, 2015 पासून, नववी ते बारावीसाठी, शाळा-जिल्हा-राज्य-राष्ट्रीय असं वर जातं आणि त्यात द्विमितीय, त्रिमितीय असे वेगळे गट आहेत. शंकर्सची मुलांची चित्रस्पर्धा, व्यंगचित्रकार शंकर यांनी 1949 मध्ये सुरू केलेली, सोळा वर्षांपर्यंतची मुलं चित्र पाठवू शकतात, फी नाही. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची स्कॉलरशिप, पण ती दहा ते चौदा वयातच, म्हणजे नववीत जाग आली तर बहुतेक गाडी गेलेली असते.

त्रिमितीय म्हटलं की मला आमच्याकडचा एक नववीतला मुलगा आठवतो. त्याच्या घरी गणपतीची शाळा, म्हणजे मूर्तींचा कारखाना. आषाढापासून घरात शाडूची माती, पाटावर ओळीने गणपती, आणि हा मुलगा सातवीपासून डोळ्यांची आखणी करतो. ज्यांनी बघितलं नसेल त्यांना सांगते, ते सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम, ब्रश तीन केसांचा, हात करंगळीवर टेकवून श्वास धरायचा, एक रेघ हलली की अख्ख्या मूर्तीचा चेहरा बिघडला. हा एका दिवसात वीस-पंचवीस जोड्या डोळे करतो. आणि तो क्लासला यायचा बंद झाला कारण गणपतीची घाई आणि परीक्षेची तयारी एकाच वेळी, आणि शाळेच्या लेखी त्याची "कलेतली कामगिरी" शून्य, कारण सर्टिफिकेट नाही. मी त्याच्या वर्गशिक्षकांना जाऊन भेटले, कला उत्सवाला नाव द्या म्हटलं. दिलं. मातीत त्याने गणपती नाही केला, आपल्या आजोबांचे हात केले, माती मळणारे. जिल्ह्यापर्यंत गेला, पुढे नाही गेला. मला वाटतं जायला हवा होता, पण मी परीक्षक नाही.

आणि अक्षरलेखन! सगळ्यांचा नावडता भाग, भूमितीच्या पेपराला चिकटलेला. पोरं म्हणतात ताई हे कशाला, कॉम्प्युटरवर फॉन्ट असतात की. मग मी विचारते, फॉन्ट कोण करतं? विंडोजमध्ये वर्षानुवर्षं मराठी ज्यात टाइप व्हायचं तो मंगल फॉन्ट र. कृ. जोशींनी केलाय, जे.जे. मध्ये शिकलेले, नंतर आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे डिझाइन विभागात, शिकवायचे. अच्युत पालव, सुलेखन करतात, त्यांना 2025 ला पद्मश्री मिळाली. मी स्वतः दिवसभर श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये "हार्दिक शुभेच्छा" लिहिते आणि दोन अक्षरांमधली जागा किती हवी हे मला त्या सी ग्रेडच्या पेपराने शिकवलंय. गावातला माझा फ्लेक्स मी लांबून ओळखते, बाकी कोणी ओळखत नाही ते सोडा.

या वर्षी मी क्लासमध्ये एक केलंय. परीक्षेची तयारी करून घेतेच, ते मी सोडू शकत नाही, पालक फी त्याचीच देतात. पण महिन्यातला शेवटचा रविवार परीक्षेचा नाही. त्या दिवशी फुगेवाल्याला सुट्टी. विषय एकच असतो, काल घरी काय बघितलंस. पहिल्या वेळी दहातल्या सात जणांनी टीव्ही काढला. एका मुलीने बाबांचे मासळीचे क्रेट काढले, रिकामे, एकावर एक, आणि खाली मांजर वाट बघत बसलेली. दुसऱ्या महिन्यात टीव्ही तीनच होते.

एका आईने फोन करून विचारलं, हे परीक्षेत येतं का? मी म्हटलं नाही. मग कशाला, म्हणाल्या. मी म्हटलं सीईटीला येतं. हे अर्धं खरं आहे, पण फोन ठेवला त्यांनी.

नवीन बॅच येत्या रविवारी सकाळी साडेआठला. क्वार्टर इम्पिरियल (ड्रॉइंगच्या मोठ्या कागदाचा पाव भाग) कागद मी देईन, पाण्याला कापलेली बाटली आणि ब्रश पुसायला जुनी सुती चिंधी घरून आणा, टॉवेल नको, धागे सुटतात. स्थिरचित्रासाठी प्रत्येकाने घरातली एक वस्तू आणायची आहे. तांब्या सोडून काहीही चालेल, तांबे माझ्याकडे सात आहेत.