गेस्ट म्हणतो राबतोय, होस्ट म्हणतो झोपलाय

होस्टचं, म्हणजे व्हीएम (आभासी मशीन) चालवणाऱ्या सर्व्हरचं, लिनक्स कर्नल ५.१५ वरून ६.२ वर नेलं आणि एका व्हीएममधला हिशेबाचा रात्रीचा जॉब रेंगाळायला लागला. एरवी पहाटेआधी आटपणारा जॉब लोक कामावर आले तरी चालूच. ॲप्लिकेशनवाल्यांचं म्हणणं सरळ होतं : "आम्ही काही बदललेलं नाही. बदललंय ते तुमच्याकडे." ते खरंही होतं.

व्हीएमच्या आत, म्हणजे गेस्टमध्ये, आठही व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) जवळजवळ १०० टक्के, स्टील टाइम शून्य. होस्टच्या लेखी प्रत्येक व्हीसीपीयू हा एक थ्रेड; तिथे पाहावं, तर त्याच व्हीएमचे थ्रेड जेमतेम चालताहेत आणि प्रोसेसर बराचसा मोकळा. पहिला संशय ओव्हरकमिटवर (आहेत त्याहून जास्त प्रोसेसर व्हीएमना वाटण्यावर) जातो, पण मग स्टील वाढायला हवा होता. स्टीलमध्ये धरला जातो तो फक्त चालायला तयार असलेल्या व्हीसीपीयूने प्रोसेसर मिळेपर्यंत काढलेला वेळ. थ्रेड होस्टच्या कर्नलमध्ये झोपलेलाच असेल तर तो वेळ तिथे येतच नाही. गेस्टला वाटतं, आपला प्रोग्रॅमच तेवढा वेळ चालला.

म्हणून एका व्हीसीपीयू थ्रेडचा कर्नल स्टॅक (तो कर्नलच्या कोणत्या फंक्शनमध्ये आहे त्याची यादी) काढला, आणि काढतच राहिलो. बहुतेक वेळा तेच चित्र : वर झोपेचं फंक्शन, खाली स्प्लिट लॉकचा इशारा देणारं, त्याखाली केव्हीएमचं (लिनक्समध्ये व्हीएम चालवणाऱ्या भागाचं) एक्सेप्शन हाताळणारं.

प्रोसेसर मेमरी ज्या तुकड्यांनी हाताळतो ती कॅश लाइन ६४ बाइटची. ॲटॉमिक (मध्येच न तुटता पूर्ण होणाऱ्या) सूचनेचा डेटा एका लाइनीत मावला तर लॉक तेवढ्यापुरतं. पण ८ बाइटचा काउंटर पहिल्या ६० बाइटनंतर सुरू झाला, तर त्याचे ४ बाइट पुढच्या लाइनीत जातात. हेच स्प्लिट लॉक. मग प्रोसेसर अख्खी बस अडवतो आणि तेवढा वेळ बाकी कोअरचा मेमरीशी व्यवहार थांबतो. एकाच मशीनवर अनेकांच्या व्हीएम असल्या की एकाच्या गबाळ्या स्ट्रक्चरचा भुर्दंड सगळ्यांना.

नव्या इंटेल प्रोसेसरवर अशा वेळी अलाइनमेंट चेकचा फॉल्ट (कर्नलला मध्येच थांबवून दिलेली सूचना) उठवता येतो. लिनक्स ५.७ पासून, म्हणजे २०२० पासून, तो वापरतं. गेस्टमध्ये उठला तरी केव्हीएम तो होस्टकडेच ठेवतं, कारण गेस्टला या सोयीची कल्पनाच नसते. त्याच्या कर्नलच्या अंगावर असा अनपेक्षित फॉल्ट टाकला तर ते कोसळायचं. ५.१५ मध्ये होस्ट इशारा लिहून थ्रेडला पुढे जाऊ द्यायचा. ५.१९ पासून तो अशा थ्रेडला आधी १० मिलिसेकंद झोपवतो, आणि मग एका वेळी एकालाच पुढे सोडतो. आमचे आठही व्हीसीपीयू त्या रांगेत उभे होते. जॉब होस्टच अडवत होता, तोही मुद्दाम.

लॉगमध्ये खूण होती, पण जुनी. एका थ्रेडचा इशारा एकदाच लिहिला जातो, त्यामुळे व्हीएम सुरू झाल्यानंतरच्या आठ ओळी आणि पुढे चिडीचूप. ताजा लॉग चाळून काही हाती लागत नाही. ओळीत गेस्टमधला मेमरीचा पत्ता मिळतो, गेस्टमधली प्रोसेस मिळत नाही. पत्ता यूजर स्पेसमधला, म्हणजे ॲप्लिकेशनच्या बाजूचा होता, म्हणून गेस्टचं कर्नल संशयातून सुटलं. पुढचं ॲप्लिकेशनवाल्यांनी डीबगर लावून शोधलं : पॅक केलेल्या (मधली मोकळी जागा काढून टाकलेल्या) स्ट्रक्चरमधला एक सामाईक काउंटर.

६.२ मध्ये ही झोपवायची शिक्षा थांबवणारी सेटिंग आहे, रीबूटही लागत नाही. ती शून्य केली आणि जॉब वेळेत संपला. दुसऱ्या सकाळी डेटाबेसवाले हजर : रात्री क्वेरी पुन्हा रेंगाळल्या. त्यांचं एक जुनं तिकीट आमच्याकडे कारण न सापडता पडून होतं. अपग्रेडनंतर तो त्रास बंद झाला, तेव्हा आम्ही नवं कर्नल वेगवान आहे असं म्हणून मोकळे झालो होतो. खरं तर त्यांना वाचवत होती ती ही शिक्षाच.

स्प्लिट लॉक ओळखणं सरसकट बंद करा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो पटत नाही. शेजाऱ्यांचा त्रास तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो. दुसऱ्या टोकाला फेटल मोड आहे. त्यात क्यूएमयूलाच, म्हणजे होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या प्रोसेसलाच, सिग्नल जातो आणि एका काउंटरपायी अख्खी व्हीएम मरते. आम्ही ती व्हीएम एका वेगळ्या होस्टवर एकटी नेली. सेटिंग शून्य फक्त तिथे, बाकी होस्टवर शिक्षा पूर्ववत. काउंटर अलाइन केलेली (एकाच लाइनीत बसवलेली) बिल्ड आली की तिला परत आणायचं ठरलंय.