आईबाबांपुढे पैशाचा विषय काढायचा कधी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आईला अर्धांगवायूचा झटका आल्यापासून भेटेल ती मैत्रीण मला हेच विचारते. माझं उत्तर एकच आहे: ते स्वतः सही करू शकतात तोवर.

आईच्या दवाखान्याच्या बिलातला बराचसा भाग विम्यानं दिला. खरा खर्च ती घरी आल्यावर सुरू झाला. दिवसा एक मावशी, रात्री दुसरी, एकेकीचे बारा तासांचे ८०० रुपये. महिन्याला ४८,००० झाले, ते नुसते त्यांचेच. वर डायपर, फिजिओथेरपी, हवेची गादी. आरोग्य विमा असतो तो दाखल झालेल्या रुग्णासाठी. घरी अंथरुणावर काढायच्या वर्षांना तो सहसा पुरत नाही. सत्तरीपुढच्यांचं ५ लाखांचं आयुष्मान कार्डही रुग्णालयातल्या उपचारांपुरतंच.

एका रविवारी बाबांनी कपाटातली कापडी पिशवी सतरंजीवर रिकामी केली. एफडीच्या पावत्या, पोस्टाची पासबुकं, एलआयसीचे बॉण्ड, गावचा सातबारा. बेरीज बघून मला धीर आला. बाबा जुने गणिताचे मास्तर. त्यांनी वहीत दोन रकाने आखले: 'आहे' आणि 'महिन्याला हाती येतं'. घर आणि जमीन पहिल्यात गेली. दुसऱ्यात उरली पेन्शन आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज, तेही तीन महिन्यांनी येणारं. मावशींचा पगार या दुसऱ्या रकान्यातून जायचा होता.

अडलं ते आईच्या एफडीपाशी. माहेरहून आलेले पैसे तिनं एकटीच्या नावावर ठेवलेले, आणि आता उजवा हात उचलत नव्हता. नॉमिनी बाबा होते, पण नॉमिनीचा अधिकार माणूस गेल्यावरचा. शेवटी बँकेचा अधिकारी घरी आला, दोन साक्षीदारांसमोर तिचा अंगठा घेतला. तिचं भान शाबूत होतं म्हणून हे जमलं. विस्मरणाचा आजार असता तर? मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीनं व्यवहार करायचा लेखी अधिकार, करून ठेवलं की निभेल असं पुष्कळांना वाटतं. पण देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यानं ते मुखत्यारपत्रही संपतं, आणि पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून खाती दोघांच्या नावावर, 'दोघांपैकी कोणीही' अशी हवीत, आणि तीही वेळेत.

घर आत्ताच मुलांच्या नावावर करून टाका, असं एका नातेवाइकांनी सुचवलं. मला ते अजिबात पटलं नाही. ज्यांना सांभाळायचं त्यांच्याच डोक्यावरचं छप्पर आधी काढून घ्यायचं? तरीही कुणाला बक्षीसपत्र करायचंच असेल, तर सांभाळण्याची अट त्यात लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात, कलम २३ खाली, ती अट मोडली तर व्यवहार रद्द करून घेता येतो.

हिशेब संपला असं मला वाटत होतं. बाबांनी मात्र आईच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं आणि विचारलं, "आणि मला लागलं तर?" आईच्या दोन-तीन वर्षांतच सगळं संपत होतं. त्यांच्या नावापुढे काहीच उरत नव्हतं.

गावची जमीन विकायची ठरली. विक्रीची नोंदणी होते त्या दुय्यम निबंधकांच्या कचेरीचा जिना बाबा अजून चढू शकतात, म्हणून याच महिन्यात.