नळदुर्ग ते धाराशिव, १७ सप्टेंबर

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की तासाभरात नळदुर्ग येतं. बोरी नदी भरून वाहत होती, पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळत होते. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य सोलापूरकडून इथूनच निजामाच्या राज्यात शिरलं. पाच दिवसांत निजाम शरण आला. ‘मोगलाई सरली,’ एवढंच आजी म्हणायची. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या सशस्त्र टोळ्यांच्या धाकानं तिच्या माहेरची माणसं रात्रीतून गाडी जुंपून बार्शीला पळाली होती.

तुळजापूरमार्गे एसटीनं धाराशिव गाठलं. सकाळी मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला उभा राहिलो, हुतात्म्यांसाठी डोळे भरून आले. तरी एक गोष्ट मनातून जाईना. या लष्करी कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, दोनच महिन्यांनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती या भागात फिरली होती. लष्करी कारवाईत आणि नंतर हैदराबाद संस्थानभरात किमान २७ ते ४० हजार माणसं मेली, असा तिचा अंदाज. मेलेले बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि नांदेड. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, हेही त्यात आहे. सरकारनं अहवाल प्रसिद्धच केला नाही. रझाकारांचा म्होरक्या, लातूरचा वकील कासीम रझवी शिक्षा भोगून १९५७मध्ये पाकिस्तानात गेला. गावोगावच्या माणसांना मात्र कुणी चारचौघांत बोलतं केलं नाही, रझाकारांनी पोळलेल्यांनाही नाही आणि नंतर मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांनाही नाही.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपल्यावर १९९६पासून आर्चबिशप डेस्मंड टुटूंच्या सत्य आणि सलोखा आयोगासमोर आयांनी भर सभागृहात आपल्या पोरांचं मरण सांगितलं. मारणाऱ्यांनी पूर्ण खरं सांगितलं तर माफी मिळू शकत होती. सात हजारांवर अर्ज आले, माफी मात्र थोड्यांनाच मिळाली. त्यानं सगळ्यांचं समाधान झालं नाही, पण निदान आईचं म्हणणं देशानं ऐकलं. आपल्याकडे तेवढंही झालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुपारी स्टँडजवळ चहा घेताना ऐंशी पार केलेले एक आजोबा भेटले. मी विषय काढला. बराच वेळ गप्प राहिले.

“आमच्या गल्लीत एक मुसलमान पिंजारी होता. माझ्या बापानं त्याला चार दिवस कणगीत लपवला. पाचव्या दिवशी लेकरांना बघायला म्हणून बाहेर पडला.”

“मग?”

“नेला त्याला.”

मी वही काढली तशी त्यांनी माझा हात धरला.

“पिंजाऱ्याचं लिही, बाळा. ज्यांनी नेलं त्यांची नावं नको. त्यांची नातवंडं आमच्याच गल्लीत हायेत.”