देनालीवरचा चौदा फुटी खांब

अलास्कातल्या आमच्या देनालीची उंची ६,१९० मीटर सांगितली की भारतातल्या ओळखीच्यांकडून हमखास येतं, "एवढीच?" हिमालयात याहून उंच शिखरं ढिगानं आहेत, कबूल, आणि त्याचा मलाही अभिमान आहे. पण हा पर्वत ६३ अंश उत्तरेला आहे. ध्रुवाकडे वातावरणाचा थर पातळ होत जातो, त्यामुळे हिमालयात तेवढ्याच उंचीवर असतो त्याहून इथे माथ्यावर हवेचा दाब कमी. शिवाय उत्तरेच्या सखल टुंड्रातून तो सरळ साडेपाच हजार मीटर उठतो. तिबेटच्या पठारावरून मोजलं तर एव्हरेस्टचाही उठाव एवढा भरत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये इथल्या केंद्र सरकारने पर्वताला पुन्हा अमेरिकेचे माजी अध्यक्ष मॅकिन्ले यांचं नाव दिलं. हे गृहस्थ ओहायोचे, अलास्कात त्यांनी कधी पाऊलही ठेवलं नाही. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं, कारण ज्यांनी हा पर्वत खरोखर चढला त्यांची नावं आपल्याकडे फारशी कोणी ऐकलेली नाहीत.

१९१० साली कांतिश्ना भागातले चार खाणकामगार वर निघाले. टॉम लॉइड, बिली टेलर, पीट अँडरसन, चार्ली मॅकगोनागल. गिर्यारोहणाचा अनुभव शून्य. बुटांना घरगुती लोखंडी काटे, हातात काठ्या, खिशात डोनट, थर्मासमध्ये गरम चॉकलेट. दोर वापरलाच नाही. सोबत स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचा १४ फुटांचा खांब आणि झेंडा, म्हणजे खालून दुर्बिणीतून दिसेल. ३ एप्रिलला सुमारे ३,३५० मीटरवरच्या तळावरून निघून टेलर आणि अँडरसन देनालीच्या दोन शिखरांपैकी बुटक्या, ५,९३४ मीटरच्या उत्तर शिखरावर पोचले. मॅकगोनागल थोडा खाली थांबला. जाऊन येऊन १८ तास! आज लोक आठवडे घालवून ५,२४० मीटरवर शेवटचा तळ टाकतात आणि तिथून पुढच्या साडेनऊशे मीटरला अख्खा दिवस देतात. खांब त्यांनी शिखराखालच्या शेवटच्या उघड्या खडकात रोवला.

आणि कोणाचाही विश्वास बसला नाही. दोष लॉइडचा. तो स्वतः वर गेलाच नव्हता, पण चौघांनी दोन्ही शिखरं सर केल्याचं त्याने सांगितलं. त्यातच १९०६ च्या फ्रेडरिक कुकच्या चढाईचं बिंग फुटलेलं: 'शिखरावरचा' त्याचा फोटो जेमतेम १,६०० मीटरच्या टेकाडावरचा होता. खांब इतक्या लांबून कोणाला दिसला नाही.

१९१२ मध्ये बेलमोर ब्राउन आणि हर्शेल पार्कर मुख्य दक्षिण शिखराच्या अगदी जवळून वादळामुळे परतले. त्यांना खाण्यानेही दगा दिला. पेमिकन, म्हणजे सुकं मांस आणि चरबी, उंचीवर पचेना आणि पोटं बिघडली. १९१३ च्या तुकडीने धडा घेतला. पायथ्याशीच शिकार करून मांस शिजवलं, बारीक केलं आणि लोणी घालून गोळे वळले. पण १९१२ च्या भूकंपाने पुढची धार मोडून तिचे बर्फाचे ठोकळे झाले होते. ती ओलांडायला पायऱ्या खोदत तीन आठवडे गेले.

७ जून १९१३ रोजी मुख्य शिखरावर पहिलं पाऊल पडलं ते वॉल्टर हार्परचं. आई इथल्या अथाबास्कन आदिवासींपैकी, वय विशीच्या आसपास. वर जाताना उत्तर शिखराखालचा तो खांबही त्यालाच पहिल्यांदा दिसला, आणि खाणकामगार खरे ठरले. तरी मोहीम ओळखली जाते पाद्री हडसन स्टक यांच्या नावाने. सह्याद्रीतल्या आपल्या वाटाड्यांचं तरी वेगळं काय होतं? ट्रेकच्या वर्णनात 'गावातला एक मामा' एवढंच येतं. पण निदान आपण त्यांच्या घरी जेवतो, ख्यालीखुशाली विचारतो.

१९१३ ची तुकडी गेली ती उत्तरेची वाट २०२१ मध्ये मल्ड्रो हिमनदी अचानक सरकल्याने भेगाळली. आज बहुतेक जण १९५१ मध्ये ब्रॅडफर्ड वॉशबर्नने उघडलेल्या वेस्ट बट्रेस या पश्चिमेकडच्या वाटेने जातात. टॉकीट्ना गावाहून स्कीवाल्या विमानाने २,२०० मीटरवर उतरायचं. नोंदणी ६० दिवस आधी. हमाल मिळत नाहीत, पाठपिशवी आणि स्लेज मिळून माणशी पन्नासेक किलो स्वतः ओढायचं. म्हणून निम्मं सामान वर नेऊन पुरायचं, खाली परतून झोपायचं, मग उरलेलं न्यायचं. पुरताना खड्डा निदान मीटरभर खोल हवा आणि वर बांबूची उंच खूण. उथळ पुरलं तर डोमकावळे उकरून अन्न फस्त करतात. विष्ठेसाठी झाकणाचा डबा मिळतो, तोही आपणच वाहायचा.